चाळीस गॅलनमधले वापरता येतात किती? आमच्या ट्रेलरचं पाणी आणि गॅस

ट्रकमागे ओढून न्यायचा, आत राहता येईल असा ट्रेलर घेतला तेव्हा कागदावर टाक्यांचे आकडे होते, फ्रेश (स्वच्छ पाणी) ४०, ग्रे (सिंक-शॉवरचं सांडपाणी) ३०, ब्लॅक (संडासाचं) ३० गॅलन आणि पुढच्या दांड्यावर २० पौंडांचे दोन प्रोपेन सिलिंडर. मी वाचलं आणि मान डोलावली. ४० गॅलन म्हणजे नक्की किती ते मला कळलं आई-बाबा पुण्याहून आले आणि एप्रिलच्या शेवटी आम्ही सहा जण, मुलं धरून, अॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनला साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावर, मॅथर कॅम्पग्राउंडला तीन रात्री राहायला गेलो तेव्हा. तिथे आपल्या जागेवर ना पाण्याचं कनेक्शन, ना ड्रेनेजचं, ना लाइट, जे काय आहे ते आपल्या टाक्यांमध्ये.

आईने पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "अगं, बादल्या किती होतात ते सांग." बरोबर प्रश्न होता. एक गॅलन म्हणजे जवळपास ३.८ लिटर, म्हणजे ४० गॅलन १५० लिटर, आपली २० लिटरची बादली धरली तर साडेसात बादल्या. सहा माणसं, तीन दिवस, अंघोळी, भांडी, दात घासणं, सगळं त्यात. आणि वजन १५० किलो, ते फीनिक्सहून सात हजार फुटांपर्यंत ओढत न्यायचं, म्हणून आम्ही घरून टाकी अर्धीच भरतो आणि वर पोचल्यावर डंप स्टेशनशेजारच्या (डंप स्टेशन म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) पिण्याच्या पाण्याच्या नळावर पूर्ण करतो. अजून एक, काही कंपन्या गीझरमधलं सहा गॅलन पाणीसुद्धा फ्रेशच्या आकड्यात धरतात, ते घेताना विचारून घ्या.

पण खरी अडचण फ्रेश टाकीत नसतेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुलाला अंघोळीला पाठवलं आणि तो ओरडला, "आई, खालून पाणी येतंय!" जाऊन बघते तर शॉवरच्या ट्रेमध्ये भांड्यांचं पाणी वर आलेलं, राखाडी, साबणाचा फेस आणि त्यावर आमटीतला कढीपत्ता तरंगतोय. ग्रे टाकी गळ्यापर्यंत भरली होती आणि टाकी किती भरली ते दाखवणारे पॅनेलवरचे दिवे मात्र दोन-तृतीयांश दाखवत होते. हे दिवे टाकीच्या भिंतीत वर-खाली बसवलेल्या सेन्सरवर चालतात, त्यावर तेल, अन्नाचे कण, कागद चिकटला की आकडा काहीही येतो, आमच्याकडे तर फोडणीचा स्वयंपाक. तेव्हापासून मी दिव्यांवर विश्वास ठेवत नाही, मी मोजते.

म्हणजे हिशोब असा की सिंक आणि शॉवरचं सगळं पाणी जातं ग्रेमध्ये आणि ती आहे ३०ची, त्यामुळे फ्रेशमध्ये अजून पाणी आहे पण सांडायला जागा नाही. पाणी बाहेर जमिनीवर सोडणं नॅशनल पार्कमध्ये चालत नाही आणि चालू पण नये. त्या रात्री अंधारात ट्रेलर परत ट्रकला जोडून डंप स्टेशनला नेला, लेव्हल करून पुन्हा लावला, दीड तास गेला.

तोडगा आईनेच काढला. संडासात आई-बाबांना तांब्याभर पाणी लागतंच आणि मी त्याची काळजी करत होते, पण ब्लॅक टाकी अर्धीसुद्धा भरली नव्हती, आणि त्या टाकीला उलट पाणी जास्त असलेलंच बरं, नाहीतर घट्ट माल खाली थर धरून बसतो आणि डंप करताना निघत नाही. आई म्हणाली मग भांड्यांचं पाणी तिकडेच टाकू. तेव्हापासून ताटं आधी कागदाने पुसून घ्यायची, सिंकमध्ये प्लास्टिकचा टब ठेवून त्यात भांडी घासायची, आणि ते पाणी गाळून कमोडमध्ये. शॉवरला अंग ओलं करा, नळ बंद, साबण लावा, मग परत चालू. तिसऱ्या दिवशी ग्रेमध्ये जागा उरली.

गॅसचं खातं बाबांकडे होतं. रात्री पारा शून्याच्या आसपास आणि हीटर धडधडत होता. आमच्या हीटरचा आकडा तासाला ३०,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), २० पौंड प्रोपेनमध्ये साधारण ४,३०,००० बीटीयू, म्हणजे सलग चालला तर चौदा तास. रात्री दहा तासांत निम्मा वेळ पेटला तरी पाच तास, एका सिलिंडरला तीन रात्री जेमतेम, वर फ्रिज आणि शेगडी आहेच. सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाहीत, ८० टक्क्यांवरच थांबतात, कारण उष्णतेने द्रव फुगतो त्याला जागा हवी, पण हे २० पौंड त्या ८० टक्क्यांतलेच, त्यातून परत वजा करायचे नाहीत. दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून बदलून आणलात तर बरेचदा १५ पौंडच असतात, म्हणून आम्ही भरूनच घेतो.

बाबांनी विचारलं की थंडीत गॅस बसत कसा नाही, आपल्याकडे १४.२ किलोच्या सिलिंडरला थंडीत जोर राहत नाही. आपल्या घरच्या गॅसमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेन असतो आणि ब्युटेनची वाफ शून्याच्या आसपास होईनाशी होते, प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत उकळतो.

किती उरलाय बघायला मी मीटर शोधत होते तर बाबा म्हणाले, "मीटर कशाला, फडकं आण." हीटर चालू होता, टॉर्च धरून त्यांनी ओलं फडकं सिलिंडरवरून वरून खाली फिरवलं. अॅरिझोनाची कोरडी हवा, वरचा भाग बघता बघता सुकला, खालच्या भागात ओल तशीच राहिली, तिथवर थंड द्रव. सकाळी वजनकाट्यावर ठेवून पडताळलं. कड्यावर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, आमच्याच्यावर १७ पौंड, काटा २६ दाखवत होता, म्हणजे नऊ पौंड शिल्लक. दुसरा सिलिंडर उघडावा लागला नाही.

निघताना डंप करताना आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने तोच पाइप धुऊन निघतो. तोपर्यंत दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवायचे, आणि ग्लोव्हज घालायचेच.