ह्यां खयचां पाखरू?

पहाटे पडवीत बसलो होतो. हातात कोरा चहा, आणि बाकावर ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून एका फिनिश संगीतकाराचा कॉन्चेर्तो चाललेला. शेजारचे आबा माड साफ करायला निघाले होते, कमरेला कोयता. गडग्याशी थांबले, मान तिरकी करून जरा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ह्यां खयचां पाखरू रे? आपल्याकडचां न्हय तां."

मागे अख्खा वाद्यवृंद वाजत होता. व्हायोलिनं, चेलो, पितळी वाद्यं. त्याबद्दल आबांनी अवाक्षर काढलं नाही. मालवणजवळच्या आमच्या देवबागात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. मागे सतत काहीतरी वाजत असतंच. ते कोण ऐकतो?

आबांनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. एइनोयुहानी राउतावारा याने 1972 साली 'कांतुस आर्क्टिकुस' रचला, त्याला त्याने म्हटलंय 'पक्षी आणि वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्तो'. उत्तर फिनलंडमधल्या औलू विद्यापीठाला आपल्या पहिल्या डॉक्टरेट पदवीदान समारंभासाठी काहीतरी हवं होतं. असल्या प्रसंगी आपण ईशस्तवन आणि स्वागतगीत बसवतो. या बुवाने टेपरेकॉर्डर उचलला आणि लिमिन्काची दलदल गाठली. पक्ष्यांचे आवाज टिपून आणले आणि मुख्य वाद्याची जागा त्यांनाच दिली.

कॉन्चेर्तो म्हणजे काय, हे आमच्याकडे दशावतार पाहिलेल्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येतं. राजपार्ट पुढे, पेटी, मृदंग, झांज मागे. संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे पेटीवाल्याची नजर राजाच्या तोंडावर. राजाने सूर उचलला की याने पट्टी धरायची. पियानोचा नाहीतर व्हायोलिनचा कॉन्चेर्तोही थोडाफार असाच चालतो, फक्त कागदावर लिहून. इथे मात्र राजपार्ट टेपवर. त्याला संचालकाची काठी दिसत नाही आणि पेटीवाल्याचं तोंडही नाही. तो त्याच्या दलदलीत त्याच्या मर्जीने ओरडणार. पदवीदानाला जमलेल्या मंडळींशी त्याला काय देणंघेणं?

निसर्गावर वाद्यं बसवायची हौस तशी जुनी. विवाल्दीचे 'चार ऋतू' छापून आले 1725 साली, आणि त्यातल्या वसंतात व्हायोला चक्क कुत्रा होऊन भुंकतो. उन्हाळ्याच्या शेवटी वादळ येतं, ते तीनेक मिनिटांत आटोपतं. आमच्याकडे वळवाचं वादळ आलं की वीज येते तिसऱ्या दिवशी, त्यामुळे ती तीन मिनिटं मला कायम थोडी काटकसरीची वाटत आलीयेत. पण ही सगळी सोंगं. चांगली वठलेली, तरी सोंगंच. राउतावाराने पाखराचं सोंग कुणालाच दिलं नाही, पाखरूच आणून उभं केलं.

मग मलाही खुमखुमी आली. मुलगी पुण्याला असते, तिला गाज हवी होती. मी भरतीच्या वेळी वाळूत उभा राहून मोबाइलवर दहा मिनिटं टिपली आणि पाठवली. तिचं उत्तर आलं, "बाबा, बांगडे तळताय का?" ऐकून बघितलं तर खरंच कढईतल्या तेलाचा चरचराट. गाजेचा जो खालचा, पोटात घुमणारा भाग, तो मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून निघतच नाही. उरतो तो वरचा फेस.

दुसरा प्रयोग त्याहून वाईट झाला. या कॉन्चेर्तोच्या मधल्या भागात चंडोलाच्या कुळातल्या एका पक्ष्याचं गाणं राउतावाराने दोन सप्तकं खाली आणलंय. दर सप्तकाला कंपनं निम्मी, म्हणजे मूळच्या एक चतुर्थांश. मूठभर जिवाचा आवाज असा काही खोल होतो की धुक्यात कुणीतरी मोठं, न दिसणारं फिरतंय असं वाटतं. त्या भागाचं नावच 'विषाद'. मी मागच्या आंब्यावरचा कोकीळ टिपला, एका ॲपवर त्याची गती पाव केली आणि स्पीकर मोठा करून लावला. विषाद वगैरे काही नाही, लांबलचक हंबरडा निघाला. काकी चुलीपुढून उठून थेट गोठ्याकडे धावल्या, "पाडो सुटलो वाटता!" पाडो जागच्या जागी रवंथ करत होता. तो दिवस मी जरा बेतानेच बोललो.

पण आबांचा प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्याकडचां न्हय, हे त्यांचं म्हणणं पुरतं खरं नव्हतं. थंडीत संगमावरच्या वाळूच्या पट्ट्यावर कुरवांचे थवे बसलेले असतात. त्यातले काही उत्तर रशियाच्या टुंड्रातून येतात. त्यांच्या पायांशी, लाटेच्या पुढेमागे तुरुतुरु पळणारे चिमणीएवढे टिलवे असतात, त्यांची घरटीही आर्क्टिकातलीच. आबा ही पाखरं जन्मभर बघत आलेत. पण टिलव्याचं गाणं त्यांनी ऐकलेलं नाही, मीही नाही. गाणं विणीच्या जागी. इथे तो नुसतं 'टिट् टिट्' करून चिखलात चोच घालतो. पाहुणा कित्येक महिने अंगणात राहून जातो आणि त्याचा गळा कसा आहे ते आपल्याला ठाऊकच नसतं.

दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा गडग्याशी दिसले तेव्हा मी मुद्दाम शेवटचा भाग लावला. त्यात हंसांचे थवे स्थलांतराला निघतात. आवाजावर आवाज चढत जातो, वाद्यवृंदही त्यांच्यामागे उठतो आणि मग सगळं हळूहळू लांब जातं. मी म्हटलं, "आबानू, हंस सोडा, पण त्या मुलखातली बारकी पाखरं आपल्या वाळूवर येतात. टिलवे बघता ना? ते तिकडेच गातात."

"मगे हय कित्याक नाय गातत?"

मी विणीचा हंगाम, नर-मादी, हद्द असं काहीतरी समजावायला लागलो. आबांनी हात हलवून ते बाजूला सारलं.

"हय ती पोट भरूक येतत रे. मुंबैक जावन कोण गाता?"

आता मुंबईत आमच्या चाकरमान्यांची भजनाची डबलबारी रात्र रात्र रंगते आणि खुद्द आबांचा मुलगा तिथे मृदंग बडवतो, हे मला आठवलं. पण ते माडाकडे निघाले होते आणि स्पीकरवर हंस अजून पुरते गेले नव्हते, म्हणून बोललो नाही.