आमची वाटचाल : मागाच्या स्पेअरपासून मोटारीच्या हँडलपर्यंत

आमचं वर्कशॉप मूळचं मागाच्या स्पेअरचं. सोलापूरच्या पूर्व भागात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका लेथवर ते सुरू केलं. आजूबाजूला सगळे चादरी-टॉवेलचे कारखाने. जुने माग विलायती घडणीचे, त्यामुळे त्यांचे आटे इंचातले, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे. अण्णा आजही पाव इंचाला ‘दोन सूत’च म्हणतात. बंद पडलेल्या एका मिलच्या भंगारातून त्यांनी आटे पाडायच्या टॅप-डायचा एक लाकडी खोका आणला होता. त्यात व्हिटवर्थ होते, त्याच ब्रिटिश पद्धतीतले जरा बारीक बीएसएफ होते आणि छोट्या स्क्रूंना लागणाऱ्या बारीक बीए आट्यांचा पूर्ण सेटही होता. मागाला बीए क्वचितच लागतं, म्हणून तो सेट वर्षानुवर्षं तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला होता. आज आम्ही जुन्या मोटारींचे स्क्रू आणि हँडलं दुरुस्त करतो, त्या कामाचा पाया तो खोका आहे.

बार्शीचे एक डॉक्टर त्यांची जुनी मॉरिस मोटार घेऊन आले तेव्हा मी नुकताच लेथवर बसायला लागलो होतो. डॅशबोर्डखालच्या एका छोट्या ओतीव ब्रॅकेटचा स्क्रू हरवला होता. मी दुकानातला मेट्रिक मापाचा एम-५ स्क्रू लावला. दोन फेरे हाताने गेला, मग जड झाला, आणि मी स्क्रूड्रायव्हरचा जोर लावला. आतले आटे भुगा होऊन बाहेर आले. अण्णांनी ब्रॅकेट हातात घेतलं आणि एवढंच विचारलं, “आधी आटे मोजलास का?” मोजले नव्हते.

तिथे दोन नंबर बीए होता. तो ४.७ मिलिमीटरचा, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर ०.८१. एम-५ पाच मिलिमीटरचा, पिच ०.८. आणि अमेरिकन पद्धतीचा १०-३२ यूएनएफ ४.८३ मिलिमीटरचा, पिच साधारण ०.७९. तिन्ही शेजारी ठेवले तर डोळ्यांना एकच दिसतात. शिवाय बीएच्या आट्याचा कोन ४७.५ अंश, बाकी दोघांचा ६०. त्या रात्री अण्णांनी भोक मोठं करून पितळेचं बुश, म्हणजे छोटी नळी, बसवलं, त्यात बीएचा टॅप फिरवला आणि ब्रॅकेट वाचवलं. डॉक्टरांना आम्ही झालेली चूक सांगितली आणि पैसे घेतले नाहीत. पुढे त्यांनीच अकलूज, पंढरपूर, विजापूरपर्यंत आमचं नाव पोहोचवलं.

तेव्हापासून आमच्याकडे कुठलाही स्क्रू आधी जाडी मोजायला व्हर्नियरखाली जातो, मग आटे मोजायला पिच गेजवर. शंका राहिली तर खोक्यातला टॅप आणि तो स्क्रू दात-दातात घालून उजेडासमोर धरतो. मधून उजेड दिसला नाही, तरच जुळलं.

फोनवर लोक म्हणतात, “अँबॅसडरचं काच वर-खाली करायचं हँडल पाहिजे.” ही गाडी मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, पश्चिम बंगालात उत्तरपाड्याला १९५७ पासून २०१४ पर्यंत बनली. एवढ्या वर्षांत आतलं सामान कितीदा बदललं असेल! म्हणून आम्ही गाडीचं साल विचारतो आणि चारही दारांचे फोटो मागवतो. पुढचं दार रोज उघडतं, तिथे तीन मेकॅनिकांचे हात लागलेले असतात. मागच्या डाव्या दाराला कुणी हात लावलेला नसतो, कंपनीचं मूळ हँडल बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

हँडल काढताना सगळ्यात जास्त नुकसान होतं. स्टँडर्ड हेरॉल्ड ही जुनी मोटार घ्या. समोरून एकही स्क्रू दिसत नाही, मग लोक पान्याने उचकतात आणि हँडल मोडतं. त्याच्या मागची गोल चकती दोन्ही अंगठ्यांनी दाराकडे दाबायची, आत स्प्रिंग असते, ती दबते. मग दांड्यातून आरपार गेलेली बारीक पिन दिसते. एकाने चकती दाबून धरायची आणि हँडलखाली लाकडाचा ठोकळा द्यायचा, दुसऱ्याने पिनेपेक्षा किंचित बारीक पंच लावून हलके ठोके द्यायचे. पिन काडेपेटीत टाकून वर दाराचं नाव लिहायचं. पिन झिजली असेल तर आम्ही सिल्व्हर स्टीलची, म्हणजे टणक पोलादाची, नवी करतो, कारण खिळा कापून घातला की तो वाकतो आणि भोक लांबट करतो. अशी लांबट भोकं आम्ही फार बघितली आहेत.

दुसरा धडा क्रोमचा. एका प्लेटिंगवाल्याकडे दिलेली चार हँडलं वाळवीने खाल्ल्यासारखी परत आली. ती पितळेची नव्हती, जस्ताच्या मिश्रधातूची होती, आणि ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिली. जस्तावर आधी अल्कलीच्या बाथमध्ये तांब्याचा थर द्यावा लागतो, मग निकेल, मग क्रोम. आता प्रत्येक तुकडा आतल्या बाजूला, न दिसेल तिथे, कानशीने जरासा घासून बघतो. पिवळं निघालं तर पितळ, करडं निघालं तर जस्त. चिठ्ठीवर तसं लिहूनच प्लेटिंगला पाठवतो. जस्ताचं हँडल तुटलं तर त्याला ब्रेझिंग, म्हणजे तापवून दिलेला पितळी जोड, चालत नाही, हा धातू ३८० अंशांच्या पुढे वितळायला लागतो. तिथे आम्ही पितळेचं नवं ओतून घेतो आणि ग्राहकाला तसं स्पष्ट सांगतो.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणले, ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरप्लेटसह. गाडी मूळ रूपात जपलेली हवी, ही त्यातली अट. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल चालत नाही. स्क्रूचा त्यात उल्लेख नाही, पण त्यानंतर मालक आतल्या बारीक सामानाचीही चौकशी करू लागले आणि आमचं काम वाढलं. मागाचं काम मात्र आम्ही सोडलेलं नाही. घर त्याच्यावर उभं राहिलं.

अण्णा आता सकाळी दोन तास येतात. भंगारातून किलोवर आणलेले स्क्रू परातीत ओततात आणि आटे बघून डब्यांत टाकत बसतात. सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर लातूरची एक हेरॉल्ड यायची आहे. तिची चार हँडलं प्लेटिंगहून आली आहेत, तीन पिना तयार आहेत. चौथ्या हँडलचं भोक लांबट झालंय, त्याला उद्या बुश बसवायचं आहे.