आधी तिसरं, आता पहिलं

गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली तेव्हाच आवाजावरून कळलं, चारातलं एक सिलिंडर मेलंय. इंजिन लंगडत होतं, बोनेट थरथरत होतं आणि मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करत होता. हा दिवा नुसता पेटला तर गाडी हळू चालवत आणता येते. पण उघडझाप करायला लागला की थांबावं, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तोही खलास होतो. मी आधी गाडी बंद करायला लावली.

काका उतरले ते हातात कागदांची पिशवी घेऊन. "ईसीएम बदलून महिना झाला नाही अजून. नवं कोरं घातलं होतं. आणि हेही गेलं." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आम्ही त्याला मॉड्यूलही म्हणतो.

"पहिल्या वेळी काय झालं होतं?"

"असंच. गाडी मिसिंग मारायला लागली. त्यांनी सांगितलं, तिसऱ्या सिलिंडरला करंट नाही, ईसीएममधूनच येत नाही."

मी स्कॅनर लावला. कोड आला, पी ०३५१. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या पहिल्या कॉइलच्या सर्किटमध्ये बिघाड. तिसऱ्याच्या नव्हे, पहिल्याच्या.

"बघा," काका म्हणाले, "आधी तिसरं, आता पहिलं. मालच खराब दिला त्यांनी."

खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तसंच वाटलं. एकच वायर पुन्हा पुन्हा शॉर्ट होत असती तर दर वेळी एकच सिलिंडर गेलं असतं. जागा बदलली म्हणजे दोष वायरिंगचा नाही, मॉड्यूलचाच, असा सरळ हिशोब होता. पण लागोपाठ दोन मॉड्यूल, आणि दोन्हींत बिघाड फक्त कॉइलच्या भागात? ईसीएममध्ये प्रोसेसर असतो, मेमरी असते, सेन्सरना पाच व्होल्ट पुरवणारा भाग असतो, इंजेक्टर चालवणारा भाग असतो. ते सगळं ठणठणीत आणि कॉइलला चालू-बंद करणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा दोनदा गेला, हे मला पटेना.

या गाडीच्या कॉइल दोन वायरच्या आहेत. एका वायरीत चावी फिरवली की १२ व्होल्ट येतात, दुसरी थेट ईसीएममध्ये जाते. ईसीएममधला ड्रायव्हर ती दुसरी वायर काही मिलिसेकंद अर्थला जोडतो, कॉइलमध्ये करंट चढत जातो, आणि नेमक्या क्षणी तो जोड तोडतो. तोडला की प्लगवर ठिणगी पडते. चार वायरच्या कॉइलमध्ये हा ड्रायव्हर बहुतेक वेळा कॉइलच्याच पोटात असतो, तिथे कॉइल बिघडली तर सहसा तीच मरते. इथे मात्र कॉइलच्या चुकीचा सगळा भार ईसीएमवर.

तरी आधी पाया तपासला. ईसीएमचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर हेडलाइटचा बल्ब जोडला. नुसता मीटर लावला तर कुजलेली, एका तारेवर टिकलेली वायरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. बल्बचा लोड आला की ती उघडी पडते. इथे बल्ब लख्ख पेटला आणि अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्टपेक्षाही कमी ड्रॉप मिळाला. ईसीएमपासून पहिल्या कॉइलपर्यंतची वायर तुटलेली नव्हती, कुठे शॉर्टही नव्हती. कपलर परत बसवून स्कोप, म्हणजे वायरीतले सिग्नल रेघेने दाखवणारा पडदा, लावला आणि सेल्फ मारला. बाकी तीन वायरींवर पल्स येत होते, पहिल्यावर सपाट रेघ. म्हणजे मॉड्यूलमधला पहिला ड्रायव्हर मेला होता, यात शंका उरली नाही.

इथेच थांबून "ईसीएम गेलंय" असं सांगितलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. आधीच्या गॅरेजनेही खोटं सांगितलं नव्हतं.

मग चारही कॉइल उपसल्या. पहिल्या सिलिंडरवरची हातात आली तेव्हा तिचं रबरी बूट तेलाने फुगून मऊ पडलं होतं. मी टॉर्च मारून प्लगच्या खड्ड्यात पाहिलं. खड्डा कोरडा ठाक. तिसऱ्याच्या खड्ड्यात मात्र काळं तेल साचलेलं, आणि तिथून निघालेल्या कॉइलचं बूट अजून घट्ट. माझ्या हाताखालचा मुलगा म्हणाला, "दादा, हिच्यावर काहीतरी लिहिलंय." पहिल्या सिलिंडरवरून काढलेल्या कॉइलच्या डोक्यावर पांढऱ्या मार्करने पुसट तीनचा आकडा होता.

मी तिथेच काकांकडून नंबर घेऊन आधीच्या मेकॅनिकला फोन लावला. माणूस सरळ होता, काही लपवलं नाही. तिसऱ्या सिलिंडरचा कोड आल्यावर त्याने तिसरी आणि पहिली कॉइल अदलाबदल करून पाहिली होती. कोड तिसऱ्यावरच राहिला, काढलेली कॉइल पहिल्यावर नीट चालली. म्हणून कॉइल चांगली आणि ईसीएम खराब. दोन्ही कॉइल चांगल्याच आहेत म्हणून परत जागेवर लावल्या नाहीत.

ही अदलाबदल मी स्वतः शेकडो वेळा केलीय, आणि पद्धत चुकीची नाही. फक्त ती एकच प्रश्न विचारते: आत्ता दोष कुठे आहे? ड्रायव्हर आधीच जळलेला असेल तर उत्तर येतं "मॉड्यूलमध्ये". तो कुणी जाळला, याचं उत्तर तिच्यातून येत नाही. त्यात थंड इंजिन जेमतेम दहा मिनिटं चालवून बंद केलेलं. आणि मग ती कॉइल नव्या मॉड्यूलच्या पहिल्या ड्रायव्हरवर जाऊन बसली.

"काका, नवं मॉड्यूल घातल्यावर लांब कुठे गेला होतात?"

"जवळच्या जवळच चालवत होतो. परवा पहिल्यांदाच लांबचा प्रवास केला. तासाभरात लंगडायला लागली."

कॉइलचा प्राथमिक वेढा मीटरने मोजला तर चारही कॉइल एकसारख्या, एक ओमच्या आत. एवढ्या कमी आकड्यात दोन-चार वेढे एकमेकांना चिकटल्याचा फरक साध्या मीटरला, त्यातही थंड कॉइलमध्ये, दिसणं कठीण. म्हणून कॉइल टेस्टरवर लावली, वायरीला करंट मोजणारा क्लॅम्प अडकवला आणि स्कोपवर चढण पाहिली. चांगल्या कॉइलमध्ये करंट एकदम चढत नाही, तिरक्या रेघेत वर जातो, घाटाच्या रस्त्यासारखा. थंड असताना हिचीही रेघ तशीच होती. मग हॉट एअर गन घेतली आणि कॉइल सगळीकडून शेकत राहिलो, तापमान मोजत. साठ अंश, काही नाही. सत्तर, काही नाही. काका खुर्ची ओढून स्कोपसमोर बसले होते. ऐंशीच्या पुढे गेलो आणि रेघेने सुरुवातीलाच सरळ वर उडी मारली. घाट नाही, भिंत. वेढे आतून शॉर्ट झाले की करंटला अडवणारं फारसं काही उरत नाही, आणि तो सगळा एकदम ड्रायव्हरमधून जातो. मी लगेच टेस्टर बंद केला. कॉइल गार होऊ दिली, पुन्हा लावली. रेघ परत तिरकी, जणू काही झालंच नव्हतं. उरलेल्या तिघी नव्वदपर्यंत शेकल्या. एकीनेही कुरकुर केली नाही.

काकांनी विचारलं, "पण हीच का गेली?"

त्याचं उत्तर तिसऱ्या खड्ड्यात होतं. इंजिनावरच्या झाकणाचं, टॅपेट कव्हरचं, पॅकिंग कडक होऊन तेल सोडत होतं आणि ते प्लगच्या खड्ड्यात उतरत होतं. तिसरा प्लग काढला तर त्याचा गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, १.६ मिलिमीटर. त्या प्लगला १.१ च्या वर चालत नाही. गॅप जितका मोठा, ठिणगी पाडायला तितकं जास्त व्होल्टेज लागतं. ते काढता काढता कॉइलच्या आतलं इन्सुलेशन थकत जातं, त्यात तेलात भिजलेलं बूट. शेवटी वेढे भाजले. पॅकिंगमधून तेल, तेल आणि थकलेल्या प्लगमुळे कॉइल, कॉइलमुळे पहिलं मॉड्यूल, त्याच कॉइलमुळे दुसरं. काका बराच वेळ ते पॅकिंग हातात घेऊन वाकवून पाहत राहिले. ते वाकत नव्हतं, तुटत होतं.

नवं पॅकिंग, चार नवे प्लग, एक नवी कॉइल. हे सगळं बसवून झाल्याशिवाय नव्या मॉड्यूलचं खोकं मी उघडलं नाही. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवला, कारण बाहेरून सारखी दिसणारी मॉड्यूल वेगवेगळ्या इंजिनांसाठी असतात. बॅटरीची निगेटिव्ह काढली, काही मिनिटं थांबलो, मग कपलर काढून मॉड्यूल बदललं.

प्रोग्रॅमिंगची, म्हणजे नव्या मॉड्यूलमध्ये सॉफ्टवेअर भरण्याची, मला आजही धास्ती वाटते. मेमरी अर्धी लिहून झालेली असताना व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल कायमचं मुकं होऊ शकतं. काही गाड्यांत प्रोग्रॅमिंग सुरू होताच रेडिएटरचा पंखा आपोआप पूर्ण वेगाने फिरायला लागतो, कारण त्याला सांभाळणारं डोकंच तेव्हा जागेवर नसतं, आणि तो बॅटरी झपाट्याने ओढतो. म्हणून साधा चार्जर नाही, स्थिर व्होल्टेज देणारा दमदार सपोर्ट सप्लाय लावला. हेडलाइट, ब्लोअर, टेप बंद. लॅपटॉप चार्जिंगवर, झोपायची सोय काढून टाकलेली. मुलाला सांगितलं, "संपेपर्यंत गाडीच्या दाराला कुणी हात लावायचा नाही."

लॅपटॉपवरची पट्टी ६४ टक्क्यांवर बराच वेळ अडकली. पंखा घोंघावत होता, व्होल्टेज १३.५ वर ठाम. कुणी बोललं नाही. मग ती पुढे सरकली.

त्यानंतर चॅसिस नंबर लिहिला, दोन्ही चाव्या चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरला ओळखायला लावल्या. हे राहिलं तर इंजिन सुरूच होत नाही किंवा दोन सेकंद चालून बंद पडतं आणि लोक पुन्हा मॉड्यूललाच नावं ठेवतात. थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची, शून्य जागा शिकवली. सेल्फ मारला. आयडल क्षणभर वरखाली झालं आणि बसलं. चारही ठोके.

तरी गाडी सोडली नाही. काकांना शेजारी बसवून तासभर चालवली, चढावर मुद्दाम ताण दिला, परत आणून गरम इंजिनावर चारही कॉइलवर पाळीपाळीने क्लॅम्प लावला. चार तिरक्या रेघा, एकीवर एक ठेवाव्यात अशा.

काकांनी जुन्या वस्तू मागितल्या, मी पिशवीत भरून दिल्या. कॉइल तेवढी बाजूला ठेवली होती. थंड असताना ती अजूनही सुरेख ठिणगी पाडत होती, कुणीही चांगली समजून लावली असती. पकडीने तिच्या कपलरच्या दोन्ही पिना मोडल्या आणि मगच ती पिशवीत टाकली.