पाचवा नमुना: गोअर अखेर टेकला

टेकला! शनिवारी रात्री साडेअकराला, मी शिवत असलेल्या ब्राच्या पाचव्या कच्च्या नमुन्यात, दोन कपांच्या वायरींमधला तो तुकडा, म्हणजे गोअर, छातीच्या हाडावर अगदी सपाट बसला. खाली बोट सारून पाहिलं, बोट जाईना. हात वर केले, वाकले, खुर्चीत बसून उठले, तरी जागचा हलला नाही. तीन महिने एका सेंटिमीटरच्या फटीमागे लागले होते. ती फट गेली, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय.

मापं पुन्हा एकदा देते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. छातीखालचा घेर, टेप घट्ट ओढून, ९८ सेंमी. भरल्या छातीचा घेर उभ्यानं ११७, कमरेतून पूर्ण वाकून १२४, पाठीवर झोपून ११३. तिन्हींची सरासरी ११८. ब्रिटिश मापात हे ३८ डबल एफ आणि ३८ जी यांच्या मध्ये येतं (३८ हा छातीखालच्या पट्ट्याचा, म्हणजे बँडचा नंबर, अक्षर कपचं). मूळ, म्हणजे स्तन छातीला जोडलेला भाग, रुंद, ऊती मऊ, आणि भर जवळपास सगळा खालच्या अर्ध्या भागात. उभं राहून आणि वाकून घेतलेल्या मापांत ७ सेंमीचा फरक आहे, हे मी पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवलं होतं. उत्तर तिथंच होतं, पण तेव्हा ते वाचता आलं नाही.

आधीचे चार नमुने असे गेले. पहिला डबल एफचा: गोअर हाडापासून १.८ सेंमी वर. गोअर तरंगतोय म्हणजे कप लहान, हा आपला सगळ्यांचा पहिला धडा, म्हणून दुसरा जीचा बेतला. फट १.२ वर आली, पण गळ्याकडचा काठ सैल पडला. तिसरा डबल जीचा. फट १ सेंमी, आणि वरच्या कपमध्ये एवढी मोठी सुरकुती की त्यात रुमाल घडी करून ठेवता आला असता. चौथ्यात कप तोच ठेवला, वायर एका नंबरनं मोठी घातली. ती काखेत टोचायला लागली आणि फट जिथल्या तिथं. त्या रात्री नमुना उसवायचंही जिवावर आलं. तसाच गुंडाळून ठेवून दिला.

वरचा काठ सैल म्हणजे कप मोठा. गोअर तरंगतोय म्हणजे कप लहान. दोन्ही खुणा एकाच ब्रावर, एकाच वेळी. मी आलटून पालटून एकीवर विश्वास ठेवत होते. एकदा कप वाढव, एकदा वायर बदल. दोन्ही एकदम खऱ्या असू शकतात, हे सुचायला आठवडा गेला. आरशासमोर बाजूनं उभी राहिले तेव्हा ते दिसलं. वरचा कप रिकामा, आणि खालचा कप ढोलाच्या कातड्यासारखा ताणलेला. वायर स्तनाखालच्या घडीत बसायला हवी, ती घडीच्या दीड सेंटिमीटर खाली सरकली होती. खालच्या ऊतींना पुढं यायला जागाच नव्हती, म्हणून त्या सगळ्या ब्राला खाली आणि पुढं ढकलत होत्या, आणि गोअरही त्यांच्याबरोबर पुढं जात होता. मापाइतकी जागा कपमध्ये होती. ती खाली हवी तिथं वर गेली होती.

मग एक धाडस केलं. चौथाच नमुना पुन्हा अंगात घातला, कापडावर खूण केली, काढला, आणि खालच्या कपच्या उभ्या शिवणीला लागूनच ब्लेडनं चीर दिली. वर आडव्या शिवणीच्या दोन सेंमी अलीकडून सुरू, खाली वायरच्या एक सेंमी आधी बंद. पुन्हा घातला. श्वास सोडला तशी ती चीर डोळा उघडावा तशी उघडली. मधोमध १.६ सेंमी. आणि त्याच क्षणी गोअर मागं गेला! हाडाला लागल्याचा थंड स्पर्श मला आधी जाणवला, आरशात नंतर दिसला. वायर आपोआप वर सरकून घडीत बसली.

त्या फटीचं माप हेच दुरुस्तीचं माप. खालच्या कपचे दोन्ही तुकडे घेतले, उभ्या शिवणीची वक्र रेषा मधोमध ८ मिमी बाहेर काढली आणि दोन्ही टोकांना शून्यावर आणली. वायररेषेची लांबी बदलू द्यायची नाही, आडव्या शिवणीचीही नाही, नाहीतर वायर बसणारच नाही. शिवणीची लांबी ८.८ वरून ९.८ सेंमी झाली. तो जास्तीचा सेंटिमीटर म्हणजेच कपची खोली. वरच्या कपच्या काठाला अंगावरच १.२ सेंमीचा चिमटा काढून टाचण्या लावल्या, आणि पॅटर्नमध्ये तो चिमटा मिटवला. कप परत जीवर आणला, वायर जुनी, एका नंबरनं लहान. पाचवा नमुना असा झाला.

यातून माझं मत पक्कं झालंय की मोठ्या मापांत ‘कुठला नंबर’ यापेक्षा ‘भर कुठं’ हे आधी विचारावं. १९३० च्या दशकात कपांना अक्षरं मिळाली तेव्हा ती ए ते डी एवढीच होती. पुढची अक्षरं नंतर जोडत गेले, आणि बरेचसे पॅटर्न अजूनही लहान मापावर बेतून चारही बाजूंनी सारखे फुगवलेले असतात. जिचा भर वर आहे तिचा कप काठावर कापतो. जिचा भर खाली आहे तिचा वर रिकामा राहतो. दोघींचं टेपवरचं माप मात्र एकच. आणि छातीखालच्या घेरात चार इंच मिळवून बँड ठरवायची पद्धत कृपा करून सोडून द्या. माझ्या ९८ सेंमीवर ती लावली तर ४२ चा बँड येतो, जो पाठीवर मानेकडं चढत जातो आणि सगळं वजन खांद्यांच्या पट्ट्यांवर टाकतो. वजन पेलायचं काम बँडचं.

बँडवरून आठवलं. पाचव्या नमुन्यातही सुरुवातीला ३ मिमी फट उरली होती आणि माझा जीव खाली-वर झाला. दोष कपचा नव्हता, पॉवरनेटचा, म्हणजे पाठीच्या बँडच्या ताणणाऱ्या जाळीचा होता. नव्या गठ्ठ्यातली जाळी जुन्यापेक्षा सैल निघाली. जुनीचा १० सेंमीचा तुकडा बोटांनी ताणला तर १४ पर्यंत जायचा, ही साडेपंधरापर्यंत गेली. विकणाऱ्यानं दोन्हींवर एकच नाव लिहिलं होतं. पाठीचे तुकडे प्रत्येकी १.५ सेंमीनं आखूड केले, हुक सर्वांत बाहेरच्या रांगेत लावला, आणि फट गेली. बाहेरचीच रांग का, हे नव्या मैत्रिणींसाठी: इलॅस्टिक महिन्या-दोन महिन्यांत सैल पडतं, तेव्हा आत सरकायला जागा हवी. इथून पुढं जाळीचा प्रत्येक तुकडा पट्टीवर ताणून पाहिल्याशिवाय कात्री लावायची नाही.

कात्री म्हणतेय खरी, पण कपचे तुकडे आता मी फिरत्या चाकानंच कापते, २८ मिमीच्या. ४५ मिमीचा सरळ कडांना छान, पण कपच्या वळणावर तो कोपरे खातो. शिवणीची माया, म्हणजे कडेचं जास्तीचं कापड, सगळीकडं ६ मिमी. आणि नायलॉनला साधी सुई वापरू नका, स्ट्रेच सुईच घ्या. दुसऱ्या नमुन्यात वगळले गेलेले टाके मी मशीनच्या धाग्याच्या टेन्शनचा दोष समजून एक संध्याकाळ वाया घालवली होती.

आता ताईची ब्रा. तिचं माप माझ्या अगदी जवळ, ३८ एफ, पण आकार उलटा. भर वर, दोन्ही बाजू मध्ये जवळजवळ चिकटलेल्या, खांदे उतरते. माझा पॅटर्न एका अक्षरानं कमी करून तिला शिवला होता, तो काठावर दोन भागांत कापत होता आणि गोअर मांसावर चढला होता. तिच्यासाठी गोअरची वरची रुंदी ६ मिमीवर आणलीय. वरच्या कपला न ताणणारं अस्तर काढून ताणणारी लेस लावलीय. पट्टे दोन सेंमी आत घेतले. काल तिनं घालून दोन्ही हात डोक्यावर नेले, खाली आणले, आणि म्हणाली, “पट्टा सावरायला हात जाईल म्हणून वाट बघत होते, गेलाच नाही गं.” काठावर मात्र अजून थोडी पकड आहे.

लिहिता लिहिता सुचतंय, की तिच्यासाठीही चीर का नको? वरच्या कपला गळ्याच्या काठापासून शिखराकडं, म्हणजे कपच्या सर्वांत पुढच्या टोकाकडं, एकच सरळ चीर द्यायची. ती त्रिकोणी उघडेल. जितकी उघडेल तितका काठ लांब करायचा. अंदाजानं ५ मिमी वाढवणार होते, आता नाही वाढवत. उद्याच तिला जुना नमुना घेऊन बोलावते.

आईचं काम सगळ्यांत अवघड. कप तिला पहिल्याच फेरीत बसले, पण धड आखूड आणि पोट थेट छातीखालून सुरू. बसली की खालचा बँड गुंडाळला जातो आणि वायर पोटात रुतते. ती तक्रार करत नाही, नुसता हात घालून बँड खाली ओढत राहते. दर पाच मिनिटांनी तो हात जाताना बघवत नाही. मी बँड उंच करून पाहिला, दोन सेंमीनं. त्यानं गुंडाळी मोठी झाली, एवढंच. उंच बँड तिच्या पाठीला आराम देतो, पुढं मात्र नको. म्हणून पुढं कपखालची पट्टी पूर्ण काढून टाकायचा विचार आहे: कप थेट गोअरला आणि बाजूच्या तुकड्याला जोडायचे, पाठ तीन हुकांची रुंदच ठेवायची, आणि बाजूच्या शिवणीत एक बारीक प्लॅस्टिकची काडी घालायची, म्हणजे बाजू उभी राहील. पट्टी ठेवायचीच झाली तर गोअरखाली ती कमानीसारखी वर कापायची, पोटाला जागा मिळेल. दोन्ही नमुने एकाच कापडातून बेतते आणि तिला दोन्ही अर्धा अर्धा दिवस घालायला देते.

माझ्यासाठी पुढचा बेत फोमच्या कपांचा होता. तो रद्द. इतकी मेहनत करून मिळवलेली खालची खोली फोमच्या जाडीत जाईल, आणि पुन्हा सगळं मोजत बसावं लागेल. त्याऐवजी बाजूनं एक उभा आधार, पॉवर बार, कपच्या आत घालून बघणार आहे. माझ्या ऊती काखेकडं पसरतात, त्यांना तो मध्ये आणेल. हाच परिणाम छाती लहान दाखवणाऱ्या, बाजारातल्या ‘मिनिमायझर’कडून मागून मी वर्षानुवर्षं फसले. रुंद मूळ असलेल्यांना तो सपाट करून आणखी बाजूला ढकलतो. पॉवर बारचा तुकडा न ताणणाऱ्या कापडाचा, उभ्या धाग्यावर, आडव्या शिवणीला न अडकवता फक्त वायररेषेत आणि पट्ट्याच्या टोकाला पकडलेला. तो मोकळा ठेवला तरच नव्या वळणाला त्रास देणार नाही, असं वाटतं. कुणी खाली भरलेल्या आकारावर हा बार शिवला असेल तर त्याची खालची रुंदी किती ठेवलीत ते सांगा. मी ४ सेंमीपासून सुरुवात करतेय.

पाचव्या नमुन्याला कच्चे टाकेच आहेत अजून. उद्या ते उसवून खऱ्या कापडात बेतायला घेते.