“मी काय केलं गं?” म्हणणाऱ्या आजीचं आयुष्य कसं लिहून ठेवावं

नव्वदीला टेकलेल्या आईला किंवा आजीला “तुझं आयुष्य सांग” म्हटलं, की बहुधा एकच उत्तर येतं. “माझं काय सांगायचं? संसार केला, देवाचं नाव घेतलं, झालं.” हा तिचा विनय आहे असं आपण समजतो आणि वही मिटतो. पण इथे प्रश्नच चुकलेला असतो. आयुष्य सांगायचं म्हणजे घटना सांगायच्या, असं तिलाही वाटतं आणि आपल्यालाही. तिच्या आयुष्यात घटना बोटांवर मोजण्याएवढ्याच असतात. लग्न, बाळंतपणं, घरातले मृत्यू, एखादं घर बदलणं. बाकीची सत्तर वर्षं रोजचं काम आणि रोजची प्रार्थना यांत गेली, आणि लिहून ठेवायची आहेत ती हीच.

कागदपत्रांचा इथे फारसा उपयोग होत नाही. घरात विनामोबदला केलेल्या कामाला “काम” म्हणायचं, हे श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं ते २०१३ साली. देशाच्या उत्पन्नाच्या मुख्य हिशोबात घरचा स्वयंपाक, धुणं, मुलांचं संगोपन आजही धरत नाहीत. त्यामुळे जुन्या नोंदींत तिच्या नावापुढचा व्यवसायाचा रकाना रिकामाच निघण्याची शक्यता जास्त. जे काही मिळेल ते तिच्याच तोंडून मिळेल, आणि त्यासाठी विचारायची रीत बदलावी लागेल.

पहिला प्रश्न हातांबद्दल विचारा. “पहाटे उठल्यावर तू पहिल्यांदा हात कशाला लावायचीस?” मग “त्यानंतर?” आणि पुन्हा “त्यानंतर?” असं करत एकच सकाळ पूर्ण करा. कोणत्या वर्षातली सकाळ ते आधी ठरवून घ्या. “थोरली पोटात होती तेव्हाची” असं म्हटलं तरी चालेल, नाहीतर चाळीस वर्षांच्या सकाळी एकमेकींत मिसळतात. शक्य असेल तर त्या कामातली एखादी वस्तू तिच्या हातात द्या. हातांना जे पाठ असतं ते शब्दांत लगेच उतरत नाही. वस्तू हातात आली की बोटं आपोआप ती विशिष्ट पकड घेतात, आणि सांगणं त्यांच्या मागून येतं.

मापं तिचीच घ्या, मात्र ती मोजून ठेवा. ती “एक मूठ” म्हणाली तर तिच्याच मुठीने तीनदा घेऊन वजन करा आणि सरासरी लिहा. तुमची मूठ वेगळी आहे. पाणी वाहून आणलं असेल तर भांडं किती लिटरचं, खेपा किती, अंतर किती, हे विचारा. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन, शिवाय भांड्याचं वेगळं. समजा दिवसाला सहा खेपा आणि जाऊन-येऊन ४०० मीटर. तीस वर्षांत हे २६,२८० किलोमीटर होतात, म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या जवळजवळ दोन तृतीयांश. असा आकडा लिहायचा मोह होणारच, आणि लिहावाही. पण त्याआधी आजारपणं आणि बाळंतपणाचे आठवडे वजा करा, पाणी कधीपासून घरात आलं ते विचारा, आणि मोठ्या झालेल्या मुलींनी किती खेपा उचलल्या तेही. फुगवलेला आकडा ती स्वतःच खोडून काढेल, आणि मग बाकीच्या लिखाणावरचाही तिचा विश्वास उडेल.

तारखांची गडबड हमखास होते. वय विचारलं की माणसं ०, नाहीतर ५ वर संपणारा आकडा सांगतात. जनगणनेचे अभ्यासक ही खोड फार पूर्वीपासून ओळखतात. दुसरी चूक म्हणजे लांबची घटना अलीकडची वाटणे. १९८३ साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांचे सहकारी मारबर्गर यांनी एक सोपा उपाय दाखवला. नुसत्या तारखेऐवजी ज्वालामुखीच्या उद्रेकासारखी ठळक घटना धरून “त्यानंतर काय काय झालं?” असं विचारलं, तर ही चूक कमी होते. आजीसाठी सगळ्यात भक्कम खुणा म्हणजे तिच्या मुलांचे जन्म. एका लांब कागदावर वर्षांची ओळ आखा, तिच्यावर मुलांचे जन्म मांडा आणि बाकी सगळं त्यांच्या अलीकडे-पलीकडे बसवा. “धाकटा रांगत होता तेव्हा” हे “१९६० च्या सुमारास”पेक्षा जास्त खात्रीचं असतं. तिचे शब्द एका बाजूला आणि तुमचा अंदाज दुसऱ्या बाजूला लिहा. दोन्ही एकत्र केले की पुढे कोणालाच ते वेगळे करता येत नाहीत.

मुलं किती, हा साधा वाटणारा प्रश्न सगळ्यात जपून विचारावा लागतो. “तुला मुलं किती?” याचं उत्तर बहुधा हयात मुलांचं येतं. मोठ्या आरोग्य सर्वेक्षणांत म्हणूनच हा प्रश्न तोडून विचारतात. सोबत राहणारे मुलगे किती, मुली किती. दुसरीकडे राहणारे किती. आणि जिवंत जन्मून नंतर गेलेले कोणी आहे का. घरातही हाच क्रम ठेवा, फक्त तिसरा भाग पहिल्याच बैठकीत विचारू नका. ती स्वतः त्या मुलाचं नाव घेईल तेव्हा थांबा, पुढचा प्रश्न करू नका. ती गप्प बसली तर तुम्हीही गप्प बसा. मनात वीस आकडे मोजा. आपण घाबरून मध्येच बोलतो, आणि तेवढ्यात तिच्या ओठांवर आलेलं परत जातं.

बैठक चाळीस मिनिटांची पुरे. तिची प्रार्थना आटोपल्यावर, तिला ताजंतवानं वाटत असतानाची वेळ धरा. वयासोबत आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून किंचाळून उपयोग नाही. समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, आवाज थोडा खालच्या पट्टीत आणि संथ ठेवा. खोलीत तिसरं माणूस नको. मुलगा शेजारी बसला की आईऐवजी तोच उत्तरं देऊ लागतो, आणि तीही “तो म्हणतो तसंच” म्हणून सोडून देते. नवरा हयात असेल तर त्याची बैठक वेगळी घ्या.

ध्वनिमुद्रणाला साधा फोन चालतो. फ्लाइट मोड लावा, पंखा बंद करा. कॉलरचा माइक मिळाला तर तिच्या तोंडापासून वीतभर खाली लावा. त्याखाली माळ किंवा पदराची किनार घासत नाही ना ते पाहा, नाहीतर सगळ्या बैठकीभर खरखर येते आणि ती नंतर काढता येत नाही. फाइल वेव्ह (WAV) प्रकारात ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका चॅनेलची फाइल तासाला सुमारे ३२० एमबी होते. पहिला अर्धा मिनिट मुद्रित करून ऐकून बघा. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, त्यामुळे बैठका साठवू नका. पुढच्या बैठकीचे प्रश्न उतरवतानाच सुचतात.

आता तिच्या भक्तीबद्दल. इथे लिहिणारे दोन चुका करतात. “ती फार धार्मिक होती” एवढं एका वाक्यात लिहून मोकळे होतात, किंवा श्रद्धेवर तिच्याशी चर्चा करायला बसतात. दोन्हींतून हाती काही लागत नाही. ती काय म्हणते, कधी म्हणते, कुठे बसून म्हणते, कोणाकडून शिकली, हे विचारा. पाठ असलेली प्रार्थना मधूनच सुरू करता येत नाही, कारण एक ओळ पुढच्या ओळीला ओढून आणते. म्हणून तिला सुरुवातीपासून तिच्या लयीत म्हणू द्या, अडवू नका, एखादा शब्द नीट ऐकू आला नाही तरी. वेगवेगळ्या दिवशी तीनदा मुद्रित करा, राहिलेला शब्द दुसऱ्या वेळी सापडतो. छापील प्रतीशी ताडून तिचे शब्द दुरुस्त करू नका. तो फरक तिला शिकवणाऱ्या बाईकडून आलेला असू शकतो, आणि त्या बाईची दुसरी कसलीही खूण उरलेली नसते.

मग विचारा, “प्रार्थनेत कोणाकोणाची नावं घेतेस?” ही नावं ती ज्या क्रमाने घेते त्याच क्रमाने लिहा. जे गेले त्यांची, जे घर सोडून गेले त्यांची, जिच्याशी पटलं नाही त्या जावेचीही नावं त्यात सापडतात. घराची इतकी खरी यादी दुसरीकडे मिळत नाही. मात्र ध्वनिमुद्रणाला ती नको म्हणाली तर यंत्र बंद करा आणि नंतर आठवणीनेही लिहू नका. ते तिचं आणि तिच्या देवाचं आहे.

तिचं पोथी-पुस्तक साफसूफ करायच्या आधी त्याचे फोटो काढा. कोणत्या पानांच्या कडा काळ्या पडल्यात, बांधणी कुठे सैल झालीय, मध्ये कसली चिठ्ठी ठेवलीय, पहिल्या कोऱ्या पानावर जन्म-मृत्यूच्या तारखा आहेत का, हे सगळं पाहा. जुने फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

मसुदा झाला की १८ पॉइंटच्या ठळक अक्षरांत छापून तिला द्या, किंवा वाचून दाखवा. एका वेळी दोन पानं. ती काही ओळी काढायला लावेल, त्या काढा. “कष्ट” हा शब्द तुम्ही घातला असेल तर तो बहुधा तिला खटकेल. तिने कामाला काम म्हटलं असेल तर तुम्हीही काम म्हणा. ऐकता ऐकता ती मध्येच “असं नव्हतं, आधी अंगण झाडायचे” म्हणाली की यंत्र पुन्हा सुरू करा. पहिल्या फेरीत न आलेलं बरंच काही या दुरुस्त्यांच्या वेळी येतं, म्हणून समासात तीन बोटं जागा मोकळी सोडा.