व्ही-8 बसवलेल्या एमजीबीसाठी रेडिएटर शोधताना

माझी एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1972 ची. मूळचं 1798 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन काढून तिथे रोव्हरचं 3528 सीसीचं व्ही-8 (इंग्रजी व्हीच्या आकारात आठ सिलिंडर) बसवायला घेतलं, तेव्हा रेडिएटरचा विचार मी सगळ्यात शेवटी केला. कारखान्यानेच 1973 ते 1976 मध्ये हे इंजिन घालून एमजीबी जीटी काढली होती, त्यामुळे ते बसणार याची खात्री होती. इंजिन ॲल्युमिनियमचं, वजनाला जुन्या बिडाच्या इंजिनाच्या आसपासच. माउंटिंग, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगचा दांडा जुळवण्यातच सहा महिने गेले. रेडिएटरचं काय, मिळेल तेवढा जाड घ्यायचा, एवढंच डोक्यात होतं.

इंजिन दुप्पट म्हणजे उष्णता दुप्पट, हा माझा हिशोब. तो चुकला. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात) जातो हे खरं, पण पेट्रोल किती जळणार हे मुख्यतः त्या क्षणी इंजिनकडून किती ताकद मागतो यावर ठरतं. सपाट रस्त्यावर ताशी 90 ने जाताना वारा आणि टायर यांच्याशी झगडायला जी ताकद लागते ती दोन्ही इंजिनांना जवळपास तेवढीच. फरक पडतो तो लांब चढावर, जोरात पळवताना, आणि गाडी उभी असताना, कारण मोठं इंजिन नुसतं चालू राहायलाही जास्त पितं.

हे तेव्हा कळत नव्हतं. मी तांब्या-पितळेचा, नळ्यांच्या चार ओळींचा, दाट फिनचा (नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांचा) कोअर, म्हणजे रेडिएटरचा गाभा, आणला. हातात घेतल्यावरच भारी वाटला. पण तो इतका जाड की मागे वॉटर पंपाच्या पुलीपर्यंत जेमतेम चार बोटं जागा उरली. श्राउडला, म्हणजे फॅनची ओढ पूर्ण कोअरवर पसरवणाऱ्या आवरणाला, जागाच नाही. मग 30 सेंटिमीटरचा चपटा इलेक्ट्रिक फॅन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी थेट फिनवर बांधला.

मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा 85 अंशांना स्थिर. समाधान वाटलं. परतताना गर्दीत अडकलो आणि उभ्या गाडीत काटा चढायला लागला. 92 ला फॅन सुरू झाल्याचा आवाज आला, तरी 95, 100, 105. मी इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडेपर्यंत ओव्हरफ्लोच्या नळीतून कूलंट बाहेर पडत होतं. नव्या इंजिनाची हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) गेली असती तर, या विचाराने रात्रभर झोप लागली नाही.

एक खूण मला तेव्हाच पकडता यायला हवी होती. रस्त्यावर थंड आणि उभ्याने गरम, म्हणजे कोअर पुरेसा आहे, हवा पुरत नाही. याच्या उलट, उभ्याने ठीक आणि वेगात गरम, तर कोअर लहान पडतोय किंवा पाण्याचा प्रवाह कुठेतरी अडतोय.

दुसऱ्या दिवशी फॅन चालू ठेवून ग्रिल काढली आणि कोअरच्या तोंडाशी साधा कागद धरला. फॅनच्या गोलासमोर कागद चटकन ओढला जाऊन चिकटला. कोपऱ्याकडे सरकवला की सुटून खाली पडायचा. चारही कोपऱ्यांना तेच. मग मोजलं. कोअर 50 बाय 38, म्हणजे 1900 चौरस सेंटिमीटर. फॅनचा गोल 700 च्या आसपास. उभ्या गाडीत माझा रेडिएटर जेमतेम 37 टक्के काम करत होता! शिवाय जाड, दाट कोअरमधून हवा ओढणं छोट्या फॅनला झेपत नाही, आणि पहिल्या दोन ओळी ओलांडून ती पुढे जाते तोवर गरम झालेली असते. मागच्या ओळींना गारवा मिळणार कुठून?

जुना रेडिएटर घेऊन मी ज्यांच्याकडे डाग द्यायला जायचो त्या काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हवा आत कशी घ्यायची ते बघितलंस. बाहेर कुठून काढणार आहेस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्ही-8 ने बॉनेटखालची जागा भरून टाकली होती आणि दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तिथेच तापत होते. मी बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड वर उचलली. उभ्याने थोडा फरक पडला. मग कडेवर लोकरीचे धागे चिकटवून गाडी पळवली, तर धागे काचेकडे नाही, आत वळले. वेगात समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो आणि त्या फटीतून हवा उलटी आत येते. वॉशर काढून टाकले. शेवटी 1993 च्या आरव्ही-8 मॉडेलसारखे, आतल्या मडगार्डमधून बाहेर पडणारे हेडर (एक्झॉस्टचे पाईप) लावले. त्या छिद्रांसाठी पत्रा कापताना हात थरथरत होता, पण बॉनेटखालचा ताप त्यानेच उतरला.

आता दुसरा रेडिएटर. या वेळी आधी पुठ्ठ्याचा साचा कापला. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, म्हणून फॅनची मोटर आणि पुली यांच्यात 25 मिलिमीटर राखले आणि उरलेल्या खोलीतून आधी श्राउडची जागा वजा केली. जे उरलं ती कोअरची जाडी. दोन ओळींचा ॲल्युमिनियमचा निवडला, चपट्या नळ्या एक इंच रुंद, फिन इंचाला 16. तांबं उष्णता जास्त चांगली वाहतं, पण ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात आणि त्यांचा फिनशी संपर्क डागाविना असतो, त्यामुळे दोन ओळी चार अरुंद ओळींची बरोबरी करतात. श्राउड पूर्ण कोअर झाकणारं, त्यात दोन फॅन. वेगात हवा अडू नये म्हणून श्राउडला रबरी झडपा. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बंद केल्या, नाहीतर हवा सोपी वाट धरते आणि कोअरला वळसा घालून जाते.

दोन फॅनसाठी जाड वायर, वेगळे रिले आणि मोठा अल्टरनेटर घ्यावा लागला. रेडिएटरचं झाकण 15 पीएसआय दाबाचं बसवलं. झाकणाने गाडी थंड होत नाही, फक्त उकळायचं तापमान वाढतं, दर पीएसआयला साधारण दीड अंश. तो दाब जुन्या हीटरच्या कोअरला सोसला नाही आणि पायाशी गोडसर वासाचं पाणी गळायला लागलं, तोही बदलला. इंजिनाचं वरचं तोंड रेडिएटरपेक्षा उंच येत होतं, म्हणून भरायची टाकी सगळ्यात वर नेली, तेव्हा कुठे एअर लॉक (पाण्यात अडकलेली हवा) सुटला. कूलंट गंजरोधक असलेलंच, कारण इंजिन, रेडिएटर दोन्ही ॲल्युमिनियमचे. कूलंटमधून वीज वाहून धातू खात नाही ना, हे पाहायला मल्टिमीटरचं एक टोक कूलंटमध्ये आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावून बघितलं, 0.1 व्होल्टच्या आत आलं.

उभ्या गाडीत आता फॅन 92 ला लागतात आणि 86 ला बंद होतात. कागद चारही कोपऱ्यांना चिकटतो.

लांब चढावर मात्र काटा एकदा 102 ला गेला. खाली उतरून पाहिलं तर काहीच दिसेना. मित्राला ॲक्सिलरेटर दाबून 4000 आरपीएमवर धरायला सांगितलं आणि मी वाकून बघत राहिलो. खालचा होज पाईप हळूहळू चपटा होत गेला, पंपाच्या ओढीने. मित्राने पाय काढताच तो पुन्हा गोल. आत स्प्रिंग असलेला पाईप घातला. त्याच चढावर, तशाच दुपारी, काटा 94 च्या वर गेला नाही.