लोक नोकरी सोडून धंद्यात का पडतात?

"मराठी माणसाला धंदा जमत नाही" हे वाक्य लग्नात, बारशाला, एसटी स्टँडवर सगळीकडे ऐकत मोठा झालोय आणि दरवेळी राग येतो, कारण आमच्या सांगलीकडून पुण्याला रेल्वेने निघालं की वाटेत किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन लागतं. कारखाना आला, मग कारखान्याभोवती गाव वसलं, आणि तेही शंभर वर्षांपूर्वी. तरी लोक बिनधास्त म्हणतात जमत नाही.

हा कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट शाळेत धडा म्हणून येते तेव्हा नांगर आणि कारखाना एवढंच डोक्यात राहतं, मला मात्र त्याच्या आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. 1869 चा जन्म. चित्रकला शिकायला मुंबईत जेजे कला महाविद्यालयात गेले, तिथे कळलं की रंगच नीट ओळखता येत नाहीत, मग ते सोडून यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईतल्याच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायला लागले. म्हणजे त्या काळात मुलगी द्यायला लोक रांग लावतील अशी नोकरी. पण प्रमोशनची वेळ आली तेव्हा यांना डावलून एका अँग्लो इंडियन माणसाला जागा दिली आणि यांनी नोकरीच सोडली. बेळगावला येऊन भावाबरोबर सायकलींचं दुकान टाकलं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि मग लोखंडी नांगर.

आता यात "मला श्रीमंत व्हायचंय" कुठे आहे? मला तरी दिसत नाही. हाताला काम येतंय, डोकं चालतंय आणि वरची जागा काही केल्या मिळणार नाही हे कळलंय, मग माणूस दुसरं काय करेल. आजही मी ज्यांना ज्यांना धंदा सुरू करताना बघितलंय त्यातल्या बहुतेकांचं कारण याच जातीचं होतं, कुणाची कंपनी बंद पडली, कुणाला बदली झेपत नव्हती, कुणाला लहान मुलामुळे आठ तास बाहेर राहता येत नव्हतं. स्टेजवर माईक घेऊन सांगतात तसलं पॅशन वगैरे नंतर येतं, आणि येतंही खरं.

नांगराचं तर अजून भारी आहे. शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन नासते, त्यामुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं! माल तयार करून ठेवलाय, लोखंडात पैसा अडकलाय आणि गिऱ्हाईक हात लावायला तयार नाही. माझ्या मते उद्योजक म्हणजे काय याचं उत्तर या दोन वर्षांत आहे, कारखाना आपल्याला नंतर दिसतो. पुढे बेळगावातली जागाही गेली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानात जमीन दिली आणि 1910 मध्ये निवडुंगाच्या माळावर नव्याने मांडामांड झाली, तीच ही किर्लोस्करवाडी. राजाने मदत केली हे खरंच, पण आधी नांगर करून दाखवलेला माणूस समोर होता म्हणून केली.

मोठी नावं सोडा, माझी मावशी पुण्यात पोळीभाजी केंद्र चालवते. काकांची कंपनी बंद झाली आणि घराचे हप्ते चालू होते, एवढंच कारण. लोकांना वाटतं पोळ्या लाटायच्या आणि विकायच्या, त्यात काय एवढं. पण खरा धंदा रात्री असतो. उद्या किती कणीक लागेल याचा अंदाज रात्रीच बांधायचा, सोमवार असेल तर उपासवाले कमी घेणार, चतुर्थी असेल तर अजून कमी, जोराचा पाऊस असेल तर ऑफिसवाले घरूनच काम करणार. जास्त झालं तर नुकसान आपलं आणि कमी पडलं तर गिऱ्हाईक शेजारच्या केंद्रात गेलं ते परत येत नाही. पोळ्या करणाऱ्या बायकांना नगावर पैसे, ते तिथल्या तिथे द्यायचे, मग गल्ल्यात काही असो नसो. मावशी स्वतःचा पगार काढते तो सगळ्यात शेवटी, आणि कधीकधी काढतच नाही. चार घरच्या चुली आपल्या अंदाजावर चालतात हे माहीत असून रोज पहाटे उठायचं, याला मी उद्योजकता म्हणतो, भले मावशीला तो शब्द फार मोठा वाटतो.

लिज्जतच्या बायकांनी 1959 मध्ये गिरगावात सुरुवात केली तेव्हा सात जणी होत्या आणि हातात उसने घेतलेले 80 रुपये. त्यांनीही हाताला येतं तेच केलं, पापड. पण लाटणारी प्रत्येक जण मालकीण, हे त्यांनी पहिल्यापासून धरून ठेवलं आणि ते मला त्या पापडापेक्षा मोठं वाटतं.

बाकी ज्यांना आत्ता सुरू करायचंय त्यांनी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, स्वतः करा, सरकारी साईटवर फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका. खाण्याचं काही असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी. आणि उधारीचं पहिल्या दिवशी लिहून घ्या, कारण छोटा धंदा बुडतो तो बहुतेक वेळा माल खपत नाही म्हणून नाही, खपलेल्या मालाचे पैसे येत नाहीत म्हणून. मावशीचं एका ऑफिसचं डब्यांचं बिल तीन तीन महिने अडकायचं. कायद्यात छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यायचे असं आहे, करार नसेल तर 15, नाहीतर वर व्याज. हे तिला माहीतच नव्हतं. आता बिलाच्या खाली तिने ती ओळ छापून घेतलीये, उद्यम नंबरसकट, आणि गेल्या वेळचे पैसे महिन्याच्या आत आले.